दवाखान्याचं गेट आन आमच्या गावची वेस

म्या शाळेची पायरी कदी चढलो न्हाय. त्यामुळं ह्ये म्या बोलायलोय आन मोबाईल लिवायलाय. मोबाईलनं काय चुकीचं लिवलं तर ते त्येचं, आन म्या काय चुकीचं वागलो तर ते माझं. दुसरंच जास्त निघंल.

कोरोनाच्या आदी म्या मुरूम गावच्या बाजारात हमाली करायचो. बाजार बंद झाला तशी पाठ मोकळी झाली आन पोट बी मोकळं झालं. तवा हायवेकडच्या एका दवाखान्यात गेटवर माणूस पायजे व्हता. आधीचा वॉचमन कोरोनाच्या भ्यानं सासुरवाडीला पळाला व्हता. ठेकेदारानं मला इचारलं, "भेव वाटतंय का?" म्या म्हणलं, "बायकोला भेतो, बाकी कुणाला न्हाय." त्येनं मला निळा शर्ट, एक शिट्टी आन ताप मोजायची बंदूक दिली. शर्ट त्या पळालेल्या माणसाचा. त्यो माणूस आडवा-तिडवा, म्या असा बोंबलासारखा. डॉक्टर मॅडमनी मला पैल्यांदा बघितलं आन म्हणल्या, "मामा, एका वेळेला एकच माणूस आत सोडायचा. तुमच्या शर्टात दोघं दिसतायत."

पैल्या दिवशी म्या त्या बंदुकीनं शंभरएक माणसं तपासली. सगळ्यांचा आकडा सारखाच यायला. म्या खूश, म्हणलं गावात रोग न्हायच. सांजच्याला एक सिस्टर आली, मला बघत थांबली आन म्हणली, "मामा, तुम्ही ती उलटी धरलीय." म्हंजे दिवसभर म्या माझाच ताप मोजत व्हतो.

दुसरं संकट रजिस्टर. येणाऱ्याचं नाव, गाव, कुणाला भेटायचं, समदं लिवायचं. मला लिवता येत न्हाय ह्ये म्या ठेकेदाराला सांगितलंच न्हाय. त्येनं इचारलं न्हाय, म्या बोललो न्हाय. म्या काय करायचो, रजिस्टर म्होरं करायचो आन म्हणायचो, "तुमीच लिवा, कोरोनात मला पेनाला हात लावायची परवानगी न्हाय." लोक लिवायचे. एक माणूस रोज यायचा, त्येला म्या रोज आडवायचो, आन त्यो रोज लिवून जायचा. म्या त्येला रोज हात जोडायचो, किती शहाणा माणूस, आत जाता येत न्हाय तरी नियमानं लिवतोय. आठ दिवसांनी मॅडमनी रजिस्टर चाळलं. म्हणल्या, "मामा, ह्यात आठ वेळा 'गेटवरचं माकड' असं लिहिलंय." म्या म्हणलं, "मॅडम, तारीख बरोबर टाकली का त्येनं?" त्या हसल्या. पण त्या दिवसापासनं लिवायला सिस्टर सांजच्याला यायची आन म्या दिवसभराचं सगळं तोंडपाठ सांगायचो. कोण कुठला, कुणाचा कोण, किती वाजता. तेवढं मला जमायचं. हमालीत कुणाची किती पोती कुठल्या टेम्पोत गेली ते डोक्यातच ठेवावं लागतंय.

खरा ताप माणसांचा. दवाखान्यात मागच्या बिल्डिंगीत कोरोनावाले, म्होरल्या बिल्डिंगीत बाकीचे. मागं कुणालाच सोडायचं न्हाय, म्होरं एका पेशंटमागं एक माणूस. आन आमच्याकडं पेशंट बघायला एक माणूस येत नसतोय. भावकी येती, सोयरे येत्यात, शेताचा बांध लागून असलेला बी येतो. न्हाय आला तर पुढं त्येच्या घरच्या लग्नात कुणी जात न्हाय. कोरोना आला म्हणून ह्यो हिशोब बंद व्हत न्हाय. लोक टेम्पो भरून यायचे, पोलीस दिसला की टेम्पो उसात घालायचे, आन मंग गेटवर येऊन माझ्याशी भांडायचे.

चार दिवस म्या शिट्टी वाजवून वाजवून गाल दुखवून घेतले. मंग माझ्या ध्यानात आलं. ह्यांना पेशंट बघायचा न्हाय. आपण आलतो ह्ये पेशंटला कळलं म्हंजे बास. मंग म्या त्यांना गेटवरच उभं करायचो, कोण कोण हाईत इचारायचो, आन वॉर्डाच्या खिडकीखाली जाऊन वरडायचो, "आजी, तुमच्या धाकट्या जावेकडचे आलते. सात जणं. भाचा बी व्हता, त्येनं मोसंबी आणलीत." आजी वरनं हात हलवायची. गेटवरचे बी हात हलवायचे आन गपगुमान माघारी. कुणी आलं नसलं तर आजी वरनं इचारायची, "थोरलीकडचं कुणी आलतं का रं?" म्या म्हणायचो, "न्हाय आजी." मंग आजी वरनंच थोरलीला काय बोलायची ते म्या हिथं सांगत न्हाय.

डब्यात मात्र म्या माती खाल्ली. घरचे डबे गेटवर घ्यायचे आन आत पोचवायचे. सगळे डबे स्टीलचे, तीन खणांचे, जुळ्या भावासारखे. एका दिवशी म्या मटणाचा डबा एका लिंगायत आजोबांना दिला आन त्यांचा वांग्याचा डबा एका पैलवान गड्याला. आजोबा गळ्यात लिंग असलेले, पूजा केल्याबिगर पाणी पीत नसलेले. कोरोनातनं बरे झाले म्हणून त्यांना म्होरल्या बिल्डिंगीत आणलेलं, पण तोंडाची चव आन नाकाचा वास अजून आला नव्हता. पैलवानानं वांगं बघून आरडाओरडा केला म्हणून मला कळलं. म्या जिना चढताना दोनदा पडलो. आजोबा भाकरी मोडून रश्शात बुडवायच्या बेतात. म्या त्यांच्या हातातनं घास काढून घेतला. ते कानडीत काय म्हणले ते मला कळलं न्हाय, पण शेवटचा शब्द कळला. खरं काय ते म्या त्यांना सांगितलं. म्हणलं, "आजोबा, माझी चूक झाली, मारा." आजोबांनी मला खालपासनं वरपतुर बघितलं. मंग म्हणले, "मारलं असतं. पण तू लई वाळलाईस, माझ्यावरच केस व्हईल." दुसऱ्या दिवशी म्या बायकोची जुनी लुगडी फाडून आणली आन दर खाटंला एक रंग ठरवला. हिरवी चिंधी पाच नंबर, पिवळी सहा. त्यापुढं एक डबा चुकला न्हाय. बायको मात्र म्हणली, "गेटवर बसून माझी लुगडी वाटायलाव व्हय."

अशात एक दिवस तात्या आले.

तात्या आमच्याच गावचे. गावात त्यांचा शब्द खाली पडत न्हाय, आन पडला तर उचलायला माणसं हाईत. कोरोनाची जी गावकमिटी झाली तिचे बी तेच मालक. त्यांची म्हातारी माय न्हाणीत पडून कंबर मोडून म्होरल्या बिल्डिंगीत ॲडमिट झालेली. संगं त्यांची सून. तात्या जीपमधनं उतरले, मागं पाच-सहा माणसं.

"का रं, वळखलं न्हाईस का?"

"वळखलं की तात्या. मास्कात बी वळखलं."

"मंग उघड."

"तुमची सून आत हाय. तिला खाली बोलावतो, ती आली की तुमी एकले जावा."

"एकला? आन ही माणसं काय मोकळी आलीत?"

"त्यांची नावं सांगा तात्या. म्या खिडकीखालनं म्हातारीला सांगतो, समदे आलते म्हणून."

मागचा एक जण हसला. तात्यांना ते हसणं लागलं. ते गेटजवळ आले. "आरं, तू कोण, म्या कोण? माझ्या मायला भेटायला म्या तुझी परवानगी घिऊ?"

म्या भ्यालो व्हतो. खोटं कशाला सांगू. शर्ट ढिला व्हता म्हणून थरथर दिसली न्हाय, एवढाच त्या शर्टाचा उपकार. म्या म्हणलं, "माय तुमची हाय तात्या. पण आत आणखी तीस माया हाईत. एकल्यांनी जावा, म्या आत्ता गेट उघडतो."

ते गेले न्हाईत. एकल्यानं आत जाणं म्हंजे सगळ्यांम्होरं माझं ऐकणं. जीपमध्ये बसले आन एवढंच म्हणले, "गावात ये तू."

गावात यावंच लागतंय, घर तिथंच हाय. चार दिवसांनी माझी सुट्टी व्हती. सकाळी म्या दुधाला निघालो तर वेशीपाशी कमिटी बसलेली. आमच्या गावाला दगडी वेस हाय, दारं कवाच गेलीत, नुसती कमान उरलीय. त्या कमानीत बाभळीचे फास, म्हंजे काटेरी फांद्या, टाकून रस्ता बंद केलता. भाईरनं आलेला माणूस तिथं थांबवायचा, नाव इचारायचं आन शाळेत चौदा दिवस ठेवायचा, असं वरनं आलेलं. शाळेला चार खोल्या. दोन खोल्यांत गावातली पुण्या-मुंबईकडनं आलेली माणसं राहिलेली. दोन खोल्यांना कुलूप, चाव्या तात्यांकडं.

तात्या म्हणले, "बरं झालं आलास. काठी घे आन बस हिथं. सुट्टीच्या दिवशी तू, बाकी दिवशी तुझ्या वस्तीतलं कुणी बी. तुझा आज्ज्या, पणज्या हिथंच बसायचे. तुमचं हक्काचं काम हाय ते."

खरं हाय. वेस राखायचं काम आमच्या लोकांकडं व्हतं. ऊन, पाऊस, थंडी, कमानीखाली काठी घेऊन बसायचं. राखायची सगळ्या गावासाठी, आन सांज झाली की आपण मात्र वेशीच्या भाईरच निजायचं. आज्ज्यानं धम्म घेतला त्या वर्षी काठी कमानीला टेकवून ठेवली आन घरी आला. त्येच्यापुढं आमच्यातलं कुणी तिथं बसलं न्हाय. म्या लई गोष्टींत आज्ज्याचं नाव घालवलं, पण ह्या गोष्टीत न्हाय.

म्या म्हणलं, "तात्या, दवाखान्यात म्या शर्ट घालून बसतो. सांजच्याला घरी जातो. महिन्याला पगार घेतो, त्यो उशिरा मिळतो ती गोष्ट येगळी. हिथं बसणार न्हाय."

"आरं, काम तर तेच हाय. माणसं आडवायची."

"काम तेच असंल. पण पाळी लावा. आज तुमच्या घरचा, उद्या माझ्या घरचा. मंग म्या बसतो, शिट्टी बी आणतो."

तात्या दुसरीकडं बघायले. म्या दूध आणायला गेलो आन भ्यानं दुधाची किटली वेशीतच इसरून आलो. आता मोठा शूरपणा केल्यावर किटली आणायला माघारी कसं जायचं? त्या दिवशी आमी काळा चहा पिलो. बायको म्हणली, "लई बाणेदार. किटली तेवढी तात्याला देऊन आलाव."

त्याच दिवशी दहा-अकराच्या सुमाराला माझी धाकटी बहीण पुण्याहून आली.

ती, दाजी आन बावीस दिवसांचं लेकरू, पोरगी. दाजी पुण्यात बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचे. काम बंद, खोलीत दाणा न्हाय, आन त्यातच ती बाळंत झालेली. एका टेम्पोनं त्यांना हायवेवर सोडलं. तिथं तपासून हातावर निळे शिक्के मारले, म्हणले गावात जावा, शाळेत ऱ्हावा. तिथनं ते उन्हात चालत आले. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेली, पायात दाजींची चप्पल.

कमिटीनं त्यांना काट्यापलीकडंच थांबवलं. कळलं तसा म्या वेशीत पळालो. त्येला माझी ना न्हाय, शिक्का हाय तर थांबायलाच पायजे. पण तात्या म्हणले, "शाळा भरलीय. ह्यांनी गायरानातल्या पत्र्याच्या शेडात ऱ्हायचं."

ते शेड आमी समदे वळखतो. मसणवट्याला लागून हाय. तिन्ही बाजूंनी उघडं. पाणी न्हाय, लाईट न्हाय, दुपारी पत्रा असा तापतो की कावळा बसला तर उडत न्हाय, भाजतो. तिथं बावीस दिवसांचं लेकरू ठेवायचं. म्या म्हणलं, "दोन खोल्या बंद हाईत की."

"त्या आमच्या पुतण्यांसाठी हाईत. ते मुंबईवरनं यायलेत."

"कवा?"

"येतील तवा येतील."

म्या काट्याच्या कडंनी वाट काढून पलीकडं गेलो. त्यांना लांबनं बोलायचं, समजूत घालायची, एवढंच मनात व्हतं. आन हिथं म्या जी चूक केली तिला लोक आज बी माझी हुशारी म्हणत्यात. हुशारी बिशारी काय नव्हती. आमच्यात लेकरू पैल्यांदा बघितलं की मोकळ्या हातानं बघत नसत्यात. त्येच्या मुठीत काय तरी ठेवायचं, आन मामा असला तर त्येनं मांडीवर घ्यायचंच. बहिणीनं फडकं बाजूला केलं, लेकरानं माझ्याकडं बघून असं तोंड केलं की त्येला आपल्या मामाची समदी माहिती आदीच हाय. म्या खिशातनं दहाची नोट काढली, लेकराच्या मुठीत दाबली, आन त्येला मांडीवर घेऊन बसलो. दिवसभर "लांब थांबा, लांब थांबा" म्हणून घसा बसवून घेणारा म्या. माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

तिकडनं एक जण म्हणला, "आता हा बी गेला. ह्येला बी आत घेऊ नका."

तवा ध्यानात आलं. लेकरू माझ्या मांडीवर मुतलं, ते बी तवाच.

आमी बाभळीखाली बसलो. बाभळीची सावली म्हंजे चाळणीतलं पाणी. लेकराचं अंग कढत लागायलं. दाजी फडकं भिजवून भिजवून लेकराच्या डोक्यावर ठेवायले, पण बाटलीत पाणी चार बोटं उरलेलं. बहिणीच्या व्हटाला कोरड पडलेली.

तात्या काट्यापाशी आले. आवाज मऊ केलता. "बघ, लेकराकडं बघ. तुझ्या हट्टापायी त्येचे हाल नको. एक खोली उघडतो म्या. तू चौदा दिवसांनी भाईर आलास की काठी घेऊन हिथं बसायचं. आन दवाखान्यात माझ्या माणसाला आडवायचं न्हाय. बास, एवढंच."

म्या लेकराकडं बघितलं. खरं सांगतो, म्या हो म्हणायच्या बेतात व्हतो. आज्ज्या गेला तो गेला, हे लेकरू हाय. माझ्या तोंडात "बरं" आलंच व्हतं.

बहीण म्हणली, "दादा, तू हो म्हणू नको."

"अगं, पोरगी भाजून निघायलीय."

"निघू दे. मला बी भेव वाटायलंय. पण आज तू बसलास तर उद्या हिला बी कुणी तरी म्हणंल, तुझा मामा बसायचा, तू बी बस. म्या हिला घिऊन हिथं बाभळीखाली बसते. तू वेशीत बसू नको." आन तात्यांकडं तोंड करून म्हणली, "खोली सरकारची हाय तात्या. तिच्या बदल्यात माझा भाऊ मागू नका."

ही माझी धाकटी. लहानपणी म्या हिला भ्या दाखवायचो. आता ती बोलली आन म्या तिच्या मागं सरकून बसलो.

तेवढ्यात बायको आली, हातात डबा आन पाण्याची कळशी. काट्याजवळ आली तसा म्या सवयीनं वरडलो, "तिथंच थांब. खाली ठिव आन मागं सर."

ती म्हणली, "सरते की. तुमी कामून सरला न्हाईत मागं? मला सर म्हणायलाव आन तिकडं लेकराला कवळ्यात घेतलंव."

"हातावर नोट ठेवली फकस्त."

"नोट ठेवायला मांडी लागती व्हय? बघू, काय म्हणतीया तुमची मॅडम."

मॅडम. उद्या सकाळी सातला माझी ड्युटी. माझा फोन बंद पडलेला. बायकोच्या फोनात मॅडमचा नंबर नव्हता, पण मला तोंडपाठ. म्या काट्याच्या ह्या बाजूनं एक एक आकडा वरडून सांगितला, तिनं त्या बाजूनं दाबला. त्यो नंबर सगळ्या गावानं ऐकला. पुढं महिनाभर गावात कुणाला शिंक आली तरी मॅडमना फोन जायचा. ते पाप बी माझंच.

बायकोनं फोन मोठ्या आवाजावर करून हात उंच धरला.

"मॅडम, म्या उद्या यिऊ शकत न्हाय. म्या कॉन्टॅक्ट झालो."

"कुणाचे?"

"पुण्याच्या लेकराचा. माझी भाची हाय."

"मामा, तुम्ही गेटवर रोज लोकांना काय सांगता?"

"लांब थांबा म्हणून."

"आणि स्वतः काय केलंत?"

"जवळ गेलो."

बायको तिकडनं म्हणली, "मॅडम, आणखी बोला जरा."

मॅडम बोलल्या. लई बोलल्या. गेटवर आता कुणाला बसवू, दुसरा माणूस कुठनं आणू, अक्कल कुठं ठेवली व्हती. सगळं गाव ऐकायलं, तात्या बी ऐकायले, हसायले. म्या खाली मान घालून ऐकलं. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. मंग त्या दमल्या आन इचारलं, "आता आहात कुठं तुम्ही?"

"बाभळीखाली."

"आणि बाळंतीण?"

"बाभळीखाली."

"बाळ किती दिवसांचं आहे?"

"बावीस. शाळेच्या दोन खोल्या मोकळ्या हाईत मॅडम, पण त्येला कुलूप हाय. आमाला मसणवट्यातल्या शेडात जा म्हणायलेत."

मंग त्या म्हणल्या, "बाळाला छातीशी धरा, अंगावरचं पाजत राहा, आईला पाणी द्या. फोन चालू ठेवा." त्यांनी कुणाला फोन लावला मला ठाव न्हाय. तात्यांचं हसू मात्र तिथंच थांबलं.

दुपार कलली तवा ग्रामसेवक फटफटीवर आले, घामानं भिजलेले. तात्यांना बाजूला घिऊन काय तरी बोलले. तात्यांचा हात खिशात गेला. चाव्यांचा जुडगा काढला आन काट्यावरनं आमच्याकडं फेकला. त्यो धुळीत पडला, माझ्या पायापासनं हातभर लांब.

दाजी उचलायला वाकले. म्या म्हणलं, "ऱ्हाऊ द्या दाजी."

तात्या म्हणले, "आता काय झालं? पायजे व्हत्या ना चाव्या?"

"पायजेत. पण फेकलेल्या नको."

"आरं, कोरोना हाय. हातात कशा देणार?"

"हातात नका देऊ. लांबच थांबा, म्या बी तेच म्हणतो सगळ्यांना. दगडावर ठिवा आन मागं सरा, म्या घेतो. गेटवर म्या तीनशे डबे दिले-घेतले, एक बी फेकला न्हाय. कोरोना आत्ता आलाय तात्या. फेकायची सवय आदीची हाय."

ऊन डोक्यावरनं खाली आलं व्हतं. लेकरू रडायलं. बायको माझ्याकडं डोळे वटारून बघायली, घ्या की आता म्हणून. म्या बी मनात म्हणायलो, घे की आता. पण तोंडातनं गेलं व्हतं. शेवटी ग्रामसेवक म्हणले, "तात्या, ठेवा हो. मला अजून दोन गावं करायचीत." तात्या काट्याच्या कडंनं आले. लांब काठीनं त्यांनी धुळीतला जुडगा वढला, धोतराला पुसला, वेशीच्या दगडावर ठेवला आन दहा पावलं मागं सरले.

म्या मोठ्या रुबाबात चाव्या घ्यायला उठलो. बाभळीच्या काट्यात लुंगी अडकली. म्या म्होरं गेलो, लुंगी मागं ऱ्हायली. आत चड्डी व्हती म्हणून बरं. गाव हसलं, तात्या हसले, बहीण बी हसली, आन तिला हसताना बघून म्या लुंगी लगेच उचलली न्हाय. आदी चाव्या घेतल्या.

आमी वेशीतनं आत गेलो, लोक दोन्ही बाजूला लांब सरले. शाळेची कोपऱ्यातली खोली मिळाली. फरशी गार, नळाला पाणी, पंख्याला वारा. बहिणीनं लेकराला न्हाऊ घातलं, ते सांजपतुर निजलं. कढतपणा गेला त्येचा.

चौदा दिवस राहिलो. त्या खोलीत मला पैल्यांदा फळा जवळनं बघायला मिळाला. तात्यांचे पुतणे आले, शेजारच्या खोलीत राहिले, शाळा काय कुणाला कमी पडली न्हाय. मधल्या दिवसांत आमी लेकराचं बारसं केलं. पुण्यात ऱ्हायलं व्हतं. खिडकीच्या गजाला लुगडं बांधून पाळणा केला. पण नाव ठेवायचं तर आत्यानं कानात सांगायचं असतंय, आन दाजींची बहीण पुण्यातच अडकलेली. पलीकडच्या खोलीत वरल्या आळीची, म्हंजे तात्यांच्या बाजूची, एक बाई व्हती, ती बी तशीच मुंबईहून आलेली. ती तिच्या दारातनं म्हणली, "म्या व्हते आत्या. पण मला तुमच्या खोलीत यायची बंदी हाय."

म्या म्हणलं, "बंदी यायची हाय. बोलायची न्हाय."

मंग ती तिच्या दारात उभी राहिली, दोन्ही हात तोंडापाशी धरले आन कानात सांगायचं नाव अंगण ओलांडून वरडून सांगितलं. शाळेच्या कुंपणाबाहेर, वेशीत, तात्यांच्या वट्यावर, सगळीकडं गेलं असंल. नाव सांगून ती म्हणली, "ऐकू आलं का?"

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. आमाला चांगलं ऐकू आलतं.

म्या म्हणलं, "न्हाय आलं आत्याबाई. आणखी एकदा सांगा."

तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं.